आदेश माझा होता

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर बंदी घातली, भाव गडगडले आणि आमच्या धुळे जिल्ह्यातही रास्ता रोको सुरू झाले. मी तेव्हा एका तालुक्यात नायब तहसीलदार होते. बंदोबस्तात महसूलवाले फक्त निवेदन घ्यायला येतात, असं लोकांना वाटतं. पण कार्यकारी दंडाधिकारी म्हणून जमाव पांगवण्याचा आदेश आम्हीही देऊ शकतो, आणि एकदा दिला की पुढचं सगळं आपल्या नावावर चढतं.

सुरत-नागपूर महामार्गावर कांद्याचे ट्रॅक्टर आडवे लावलेले. दोन्हीकडे ट्रकांच्या रांगा, एका रांगेत रुग्णवाहिका अडकलेली. निवेदन देऊन, फोटो काढून पुढारी निघून गेले. बसून राहिले ते खरे कांदेवाले. पीआय साहेबांनी लाउडस्पीकर माझ्याकडे दिला. रस्ता मोकळा करा, नाहीतर बळाचा वापर करावा लागेल, असं तीनदा सांगितलं. शेवटचं अहिराणीत. काही उठले, काही हलेनात. रुग्णवाहिकेला वाट मिळेना, तेवढ्यात मागून दगड आले. मी आदेशावर वेळ टाकून सही केली.

लाठ्या फिरल्या आणि बघता बघता रस्ता रिकामा झाला. चपला, टोप्या आणि ट्रॉलीतून सांडलेला कांदा तेवढा उरला.

संध्याकाळी एका चॅनेलवर ‘बळीराजावर अमानुष लाठीमार’ सुरू झालं. एका म्हाताऱ्या बाबांवर काठी पडते, एवढंच चित्र पुन्हा पुन्हा. व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरी क्लिप फिरत होती, तिच्यात नुसते दगड. दोन्ही खऱ्या आणि दोन्ही कापलेल्या. चॅनेलवाल्याचा मला फोन आला, तीनदा सूचना दिली होती, हे सांगायला लागले तर म्हणाला, “मॅडम, तेवढा वेळ नाही, एका वाक्यात बोला.”

रात्री पोलीस ठाण्यात पूर्ण चित्रीकरण पाहिलं. पीआय साहेब निर्धास्त होते. “सूचना रेकॉर्डवर आहेत, मॅडम. १२९ चं सगळं पाळलंय, १३२ चं संरक्षण आहे.” खरंच होतं. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे (आता नागरिक सुरक्षा संहितेत ही कलमं १४८ आणि १५१ झाली आहेत) जमाव पांगवताना सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही, आणि राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय खटलाही चालत नाही. असं संरक्षण हवंच, नाहीतर दगड येत असताना कोण उभं राहील?

पण तेच चित्रीकरण पुढे सरकलं. रस्ता मोकळा झालाय. कडेला बाबा गुडघ्यावर हात टेकून उठतायत. एक जवान पुढे गेलेला परत फिरतो आणि दोन काठ्या घालतो. बाबांनी दुसरी हातावर झेलली.

“तेवढं अहवालात नको,” साहेब हळूच म्हणाले. “पोरगं नवीन आहे, सकाळपासून उपाशी उभं होतं.” तेही खोटं नव्हतं, बंदोबस्ताचा डबा दुपारपर्यंत पोचलाच नव्हता. मी म्हटलं, “साहेब, आदेश जमाव पांगवण्याचा होता. जमाव पांगल्यावरची काठी त्यात कशी बसवू?” ते गप्प बसले. धुळ्याच्या ६ जानेवारी २०१३ च्या दंगलीचं त्यांना मी सांगायची गरज नव्हती. पोलीस गोळीबारात सहा जण गेले, आणि पोलीसच मोडतोड करताना मोबाईलवर दिसले म्हणून काहींना अटक झाली होती.

दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात गेले. बाबांच्या हाताला प्लास्टर होतं. “ताई, मी तं उठी ऱ्हायंतू ना,” एवढंच म्हणाले, आणि ट्रॉलीतल्या कांद्याचं काय झालं ते विचारलं.

अहवालात दगडही लिहिले, सूचनाही लिहिल्या, त्या दोन काठ्याही लिहिल्या, वेळेसकट. चित्रीकरणाची प्रत जोडून प्रांत साहेबांकडे पाठवला. जवानाची विभागीय चौकशी लागली. तिचा निकाल यायच्या आत माझी बदली झाली. या प्रकरणामुळे नव्हे, माझा कार्यकाळच संपला होता. चॅनेलवाल्याने पुन्हा काही फोन केला नाही.