स्विंडनचं सेंट मार्क्स

आज इंग्लंडमधल्या स्विंडनच्या रेल्वे व्हिलेजमध्ये फिरले. ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं १८४०च्या दशकात आपल्या कारखान्यातल्या कामगारांसाठी वसवलेली दगडी घरं. गल्ल्यांची नावं ब्रिस्टल, एक्झेटर, टॉन्टन अशी, गाडी जिथे जायची त्या गावांची!

पण पाय अडखळले ते रुळांना अगदी खेटून उभ्या असलेल्या सेंट मार्क्स चर्चपाशी. कंपनीचे एक संचालक जॉर्ज हेन्री गिब्ज १८४२ मध्ये गेले. जाताना चर्च आणि शाळेसाठी ५०० पौंड ठेवून गेले. बाकीचे पैसे वर्गणीतून उभे राहिले आणि १८४५ मध्ये चर्च खुलं झालं. घरं, शाळा, देऊळ, सगळं एका रेल्वे कंपनीभोवती उभं राहिलेलं गाव!

वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. हे नाव वाचून अंगावर काटाच आला, कारण आपल्या मुंबईच्या राजाबाई टॉवरचा आराखडाही त्यांचाच.

कारखाना १८४३ मध्ये सुरू झाला, १९८६ मध्ये बंद पडला. किती पिढ्यांची लग्नं, बारशी, अंत्यविधी या छपराखाली झाले असतील. मी बाहेर भिंतीला हात लावून उभी होते, तेवढ्यात पलीकडून एक गाडी धडधडत गेली.