चुंबकसूचीची नोंदवही: सुई आडवी केली आणि वादळ दिसलं

मे २०२४ची ती रात्र अजून मनाला लागून आहे. १० तारखेला १३६६४ क्रमांकाच्या सौरडागसमूहातून सुटलेले भारित कणांचे झोत एकामागून एक पृथ्वीवर येऊन आदळले आणि भूचुंबकीय वादळ उठलं. वादळाचा जोर ० ते ९मध्ये सांगणारा केपी निर्देशांक ९ झाला; विषुववृत्ताच्या आसपास क्षेत्र किती घटलं ते नॅनोटेस्लात (चुंबकीय क्षेत्राचं एकक) सांगणारा डीएसटी −४००च्या खाली उतरला. लडाखमधल्या हान्ले वेधशाळेच्या कॅमेऱ्यात क्षितिजालगत लाल ऑरोरा (ध्रुवीय प्रकाश) उमटला. माझ्या भिंतीवरचा लेझरचा ठिपका मात्र रात्रभरात जेमतेम सव्वा सेंटिमीटर हलला.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र घरी मोजणाऱ्या आपल्यापैकी अनेकांकडे असते तीच रचना: दोऱ्याला टांगलेलं चुंबक, म्हणजेच सुई, त्याला चिकटवलेला आरसा, खाली सुईचे हेलकावे शमवायला तांब्याची जाड पट्टी आणि ५ मीटरवर भिंतीला आलेखकागद. आरसा जेवढा फिरेल त्याच्या दुप्पट किरण फिरतो, म्हणजे सुई एक कला (अंशाचा साठावा भाग) वळली की ठिपका ३ मिलिमीटर सरकतो. यंत्र पुरेसं नाजूक होतं. ते चुकीची गोष्ट मोजत होतं.

मोकळी सुई उत्तरेला तोंड करून राहते आणि क्षेत्राची दिशा बदलली तरच वळते. मोठ्या वादळात पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर उंचीवरचा वलयप्रवाह (भारित कणांचा विद्युतप्रवाह) बळावतो, आणि ध्रुवांपासून दूरच्या भागात त्याचा परिणाम म्हणजे उत्तरेकडची ओढच कमी होते. दोरी सैल पडली तरी तिची दिशा तीच राहते, तसं. १७४१ मध्ये स्वीडनमधल्या उप्सालात ह्योर्टर आणि सेल्सियस या खगोलशास्त्रज्ञांनी ऑरोरा दिसताच सुई थरथरताना पाहिली, कारण त्यांच्या डोक्यावर, सुमारे १०० किलोमीटरवर, ऑरोराचेच प्रवाह वाहत होते. त्यांची सुई आपल्याकडे तेवढी बोलणार नाही, हे मला मेमध्ये कळलं.

तोडगा जर्मन गणितज्ञ गाऊसचा, १८३७चा. चुंबक दोन समांतर दोऱ्यांवर टांगायचं आणि वरच्या टोकाला पीळ देत देत ते पूर्व-पश्चिम आडवं करायचं. आता दोऱ्यांचा पीळ एका बाजूला ओढतो, पृथ्वीचं क्षेत्र दुसऱ्या बाजूला. क्षेत्र कमी झालं की पीळ वरचढ ठरतो आणि ठिपका सरकतो. कॉइलमधून (तारेच्या वेटोळ्यातून) ठरावीक प्रवाह सोडून तपासलं तर १ सेंटिमीटर म्हणजे साधारण ४० नॅनोटेस्ला.

पहिले तीन आठवडे मात्र फुकट गेले. रोज दुपारी ठिपका वादळ आल्यासारखा दहा-बारा सेंटिमीटर उतरायचा. दोष फेराइट चुंबकाचा होता: तापमान १ अंशाने वाढलं की त्याचं बळ ०.२ टक्के घटतं, म्हणजे माझ्या पट्टीवर तब्बल २ सेंटिमीटर! तापमानाने फार कमी बदलणाऱ्या अल्निको मिश्रधातूचं चुंबक लावलं, डबा थर्माकोलमध्ये बंद केला. वादळ नसतानाही क्षेत्र दिवसभरात थोडं चढतं-उतरतं; शांत दिवसाची ती हलकी, सेंटिमीटरभराची कमान पहिल्यांदाच स्वच्छ दिसली. नवीन कोणी हे करणार असेल तर सुरुवातच अल्निकोने करा, फेराइटच्या वाटेला जाऊ नका.

मग ऑक्टोबर. ९ तारखेला सूर्यावर एक्स १.८ची (एक्स हा सर्वांत तीव्र वर्ग) ज्वाला झाली, झोत दीड दिवसात पोचला. १० तारखेला, जागतिक वेळेनुसार सव्वातीन वाजता दुपारी, मी भिंतीसमोरच बसलो होतो. ठिपका आधी वर चढला, दीड सेंटिमीटर, दोन-तीन मिनिटांत. चुंबकावरण, म्हणजे पृथ्वीभोवतीचं चुंबकीय कवच, दाबलं गेल्याची ती खूण. पेन्सिलीने खूण करताना हात कापत होता. पुढच्या आठ तासांत तो उतरत गेला, कधी थबकत, कधी थोडा मागे येत, एकूण सात सेंटिमीटर. जाहीर झालेला डीएसटी −३३०च्या आसपास होता, माझा हिशेब २८० नॅनोटेस्ला. घरच्या दोऱ्यांकडून एवढं मिळालं याचा आनंद शब्दांत मावत नाही.

पण मला सर्वांत जास्त भावलं ते नंतरचं. आकाशातले रंग विझले, बातम्या थांबल्या, तरी ठिपका तीन-चार दिवस मिलिमीटर-मिलिमीटरने वर येत होता. वलयप्रवाहातले आयन हळूहळू ओसरतात, त्यांचा तो परतीचा प्रवास. ऑरोराच्या कुठल्याही फोटोत हे दिसत नाही.

पुढचं काम: २ सप्टेंबर १८५९ला कुलाब्याच्या वेधशाळेत सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण नोंदली गेली होती. माझ्या भिंतीवर ती ४० सेंटिमीटर भरेल, आणि पट्टी आहे ३० सेंटिमीटरची. काल ६० सेंटिमीटरची चिकटवली. आता जुनी उत्तरमुखी सुईही दुसऱ्या डब्यात, पुरेशा अंतरावर, पुन्हा टांगणार आहे, म्हणजे एकाच वादळाच्या दोन्ही रेघा शेजारी-शेजारी मिळतील.