लिव्हर दाबला, मोटर चालूच

ई-सायकल बाजारात जाण्याआधी ती चालवायची, उघडायची, मोजायची आणि तिच्यावर अहवाल लिहायचा, हे माझं काम. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक सायकली दिसायला एकमेकींच्या बहिणी असतात. म्हणून ही क्रूझर, म्हणजे ताठ बसून रमतगमत चालवायची जुन्या घाटाची सायकल, खोक्यातून बाहेर आली तेव्हा शेजारच्या टेबलांवरचे लोकही उठून बघायला आले. क्रीम आणि गडद हिरवा रंग, मागे वळलेलं रुंद हँडल, खोल मडगार्ड, गोल हेडलाइट आणि सीटच्या पुढे थेट मोटारसायकलची वाटावी अशी टाकी.

ही टाकी आजची हौस नाही. महामंदीत सायकलींचा खप बसला होता, तेव्हा १९३३ मध्ये शिकागोच्या श्विन कंपनीने २.१२५ इंच रुंदीचे फुगीर टायर लावलेली सायकल आणली आणि पुढच्याच वर्षी टाकी, हेडलाइट लावून सजवलेली एरोसायकल. मुलांना मोटारसायकलचं वेड होतं, त्यांच्यासाठी तो थाट होता. त्या काळच्या टाक्यांमध्ये पेट्रोल कधीच नव्हतं. फार तर हॉर्न आणि त्याचे सेल. आता तिथे ४८ व्होल्टची बॅटरी बसते. नुसत्या शोभेच्या जागेला इतक्या वर्षांनी काम मिळालं, हे मला मनापासून आवडलं.

चालवायलाही ती सुखाची निघाली. पाठ ताठ, खांदे सैल, नजर सरळ समोर. रुंद टायरमध्ये हवेचा दाब कमी ठेवता येतो, त्यामुळे खडबडीत रस्त्याचे धक्के मनगटापर्यंत पोचतच नाहीत. वजन मात्र ३४ किलो, आणि बॅटरी उंचावर असल्याने जागेवर वळवताना ती एकदम कलंडायला बघते. बॅटरी १४ अँपिअर-तासांची, म्हणजे ६७२ वॉट-तास. पॅडल मारत बेताने गेलं तर किलोमीटरला साधारण १० वॉट-तास लागतात, पॅडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे मोटर चालवायच्या अंगठ्याखालच्या खटक्यावर, त्याच्या दीडपट-दुप्पट. जाहिरातीतला पल्ला यातल्या पहिल्या आकड्यावर बेतलेला होता. अहवालात मी दोन्ही लिहिले. चढावर बॅटरीचा व्होल्टेज थोडा खाली बसला, सपाटीला पुन्हा वर आला. मोटर तापली, पण हाताला सोसेल इतकीच. इथपर्यंत सगळं ठीक.

घोळ झाला तो आवारातल्या अरुंद वळणावर. वेग कमी करायला मी पॅडल मारायची थांबले, मागचा ब्रेक दाबला, आणि सायकल रेंगाळण्याऐवजी पुढे रेटायला लागली. रुंद हँडलचं टोक गुडघ्याला लागलं, पाय टेकवून मी ती कशीबशी सावरली. पुन्हा तेच करून पाहिलं. पुढचा ब्रेक दाबला की मोटर लगेच गप्प. मागचा दाबला की ब्रेक आणि मोटर यांची चाकावर ओढाताण.

ई-सायकलच्या ब्रेकला सहसा एक छोटा स्विच असतो. लिव्हर हलला की कंट्रोलरला, म्हणजे मोटरची वीज सांभाळणाऱ्या डबीला, निरोप जातो आणि मोटर बंद पडते. पॅडल थांबल्यावरही मोटर थांबतेच, पण या सायकलला होता तसा साधा सेन्सर असेल तर थोड्या उशिराने. पॅडलच्या दांड्याजवळच्या (क्रँकजवळच्या) चकतीवर लोहचुंबक बसवलेले असतात. ते सेन्सरसमोरून जाणं थांबलं की कंट्रोलर क्षणभर वाट बघतो आणि मग मोटर तोडतो. ताशी २५ किलोमीटर वेगाला अर्धा सेकंद म्हणजे साडेतीन मीटर. समोर माणूस आडवा आला तर साडेतीन मीटर फार मोठं अंतर आहे. आणि थ्रॉटलवर अंगठा तसाच राहिला तर तेवढ्यावरही थांबत नाही.

सायकल स्टँडवर चढवली आणि बॅटरीच्या तारेभोवती विजेचा प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. सहकाऱ्याला म्हटलं, "थ्रॉटल हळूच दाबून धर." पुढचा लिव्हर दाबताच आकडा शून्यावर. मागचा लिव्हर दाबला तर आकडा उलट चढला, कारण मोटर ब्रेकशी झुंजत होती, आणि चाकाच्या मधल्या हबमधून, जिथे मोटर असते, कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला. "सोड, सोड," तोच म्हणाला.

मग हेडलाइट सोडवला. त्याच्यामागे वायरिंगचा गुंता आणि त्यात दोन लाल कनेक्टर. एक पुढच्या ब्रेकच्या केबलवर ओवलेल्या स्विचला जोडलेला. दुसऱ्याचं तोंड उघडंच, त्यावर काळी टेप नीट गुंडाळलेली. म्हणजे कंट्रोलर दोन स्विचची वाट बघत होता आणि एक त्याला दिलाच नव्हता. कारण समोरच दिसत होतं. चकचकीत क्रोमचे जुन्या घाटाचे लिव्हर. त्यात स्विचला जागा नाही, म्हणून स्विच केबलवर घ्यावा लागला. पुढची केबल हँडलपासून मोकळी खाली येते, तिच्यावर तो बसला. मागची केबल मात्र वायरी दिसू नयेत म्हणून हँडलच्या लगेच खाली फ्रेमच्या आत शिरते. तिथे स्विचला वीतभरही जागा उरत नाही.

मला राग आला तो यासाठी की क्रूझर चालवणारा माणूस मागच्याच ब्रेकवर भिस्त ठेवतो. या सायकलींना मुळात उलटं पॅडल मारून लागणारा मागचा ब्रेक असायचा, आणि ताठ बसून रमतगमत जाणाऱ्याला पुढचा ब्रेक जोरात दाबायची भीती वाटते. ज्या हाताने तो थांबणार, नेमक्या त्याच हाताचा स्विच गाळलेला.

बनवणाऱ्यांच्या प्रतिनिधीला मी फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, पुढच्याला आहे ना? दोन-चार दिवसांत सवय होते लोकांना." मी म्हटलं, "पहिल्या दिवशी वळणावर पडलेल्या माणसाला ती सवय व्हायला वेळ कुठे मिळतो?" युरोपच्या ईएन १५१९४ या मानकात पॅडल थांबल्यावर मोटर थांबते की नाही, याची कसोटी उगाच घातलेली नाही, हेही सांगितलं. अहवालात पहिल्याच ओळीत लिहिलं: मागच्या ब्रेकला स्विच बसेपर्यंत विक्रीला अयोग्य. रंग, आराम, पल्ला यांचं कौतुक त्याच्या खाली. क्रम मुद्दाम तसा ठेवला, कारण घाईत वाचणारा पहिलीच ओळ वाचतो.

उपाय अवघड नव्हता. लिव्हरच्या पात्याला चिकटवायचा चणाडाळीएवढा लोहचुंबक आणि लिव्हरच्या बुडाशी सेन्सर, असा जोड मिळतो. आम्ही तो खालच्या बाजूने लावून दाखवला. अंतर जास्त ठेवलं तर मोटर सुरूच होत नाही आणि फार जवळ घेतलं तर लिव्हर बराच आत गेल्यावर ती बंद होते. ब्रेक धरायच्या जरा आधी मोटर बंद झाली पाहिजे. वायर हँडलच्या आतून नेली आणि टेपखालच्या त्या कनेक्टरला जोडली. पुन्हा थ्रॉटल, पुन्हा मागचा लिव्हर: आकडा शून्य. वरून पाहिलं तर क्रोम होतं तसंच दिसतं. डिझाइनवाल्यांना फोटो पाठवला, त्यांनी तीच जागा मान्य केली.

सुधारलेली सायकल पुन्हा आमच्याकडे येणार आहे. तेव्हा मागच्या चाकाच्या आऱ्यांचा ताण आणि मोटरच्या एक्सलचं वॉशरही बघायचं आहे. एवढ्या वजनाला आणि ७५० वॉटच्या ओढीला ते वॉशर मला जरा पातळ वाटलं.