त्याच गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेतल्या तर?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नाशिकला सिडकोतल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न नेहमीचाच, द्राक्षांच्या हंगामात तर जास्तच. दिंडोरी-निफाडकडचे पेशंट म्हणतात, "मॅडम, बीपीच्या गोळ्या त्याच आहेत. दर महिन्याला बाग सोडून कशाला येऊ? मेडिकलवाला देतोच की."

दर महिन्याला येऊ नका. बीपी आटोक्यात असेल तर तीन महिन्यांनी या, मधल्या गोळ्या मेडिकलमधून घ्या. फक्त चिठ्ठीवर तसं लिहिलेलं हवं. औषध नियम, १९४५ (आधीचं नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधला नियम ६५ सांगतो की डॉक्टरने पुन्हा द्यायला लेखी मुभा दिली नसेल, तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं. किती वेळा, किती दिवसांनी हे लिहिलं असेल, तर तसंच द्यायचं. म्हणजे सोय कायद्यातच आहे. पण बहुतेक चिठ्ठ्यांवर नुसतं 'कंटिन्यू' असतं. कधीपर्यंत, ते कोणी लिहीत नाही.

मध्यंतरी एका आजींनी पिशवीतून अशीच चिठ्ठी काढली. घड्यांवर फाटलेली, चिकटपट्टीने जोडलेली, शाई पुसट झालेली. तिच्यावर टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी वर्षानुवर्षं चालू होती. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅकही घेत होत्या, तेही त्याच दुकानातून. ही तीन औषधं एकत्र पोटात गेली की उतारवयात मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. रक्त तपासलं तर क्रिॲटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं. ज्या डॉक्टरांनी बीपीच्या गोळ्या दिल्या, त्यांना डायक्लोफेनॅकचा पत्ताच नव्हता. तिन्ही पट्ट्या एकत्र दिसत होत्या त्या फक्त मेडिकलच्या काउंटरवर.

म्हणूनच गोळ्या पुन्हा देताना विचारपूस करण्याचं काम फार्मासिस्टकडे असावं असं मला मनापासून वाटतं. तीस गोळ्यांची पट्टी दीड महिना पुरली, म्हणजे पेशंट गोळी चुकवतोय, हे आधी त्यांनाच कळतं. इंग्लंडमध्ये २००५ पासून अशी व्यवस्था आहे. डॉक्टर जास्तीत जास्त वर्षभराचं रिपीट, म्हणजे तीच औषधं पुन्हा द्यायची मुभा, लिहून देतात आणि दर वेळी फार्मासिस्ट विचारतो: गोळ्या नीट घेताय ना, काही त्रास होतोय का, नवीन औषध सुरू केलंय का? शंका आली तर गोळ्या न देता डॉक्टरकडे पाठवतो.

माझ्या काही डॉक्टर मित्रांना हे अजिबात पटत नाही. ते म्हणतात, आपल्याकडे काउंटरवर पुष्कळदा फार्मासिस्ट नसतोच, कामाला ठेवलेला मुलगा असतो. तो काय विचारणार? हा मुद्दा मला मान्य आहे. फार्मासिस्ट जागेवर नसेल तिथे माझ्या रिपीटला अर्थ उरत नाही. पण उपाय म्हणून दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला दर महिन्याला बसने सिडकोत आणायचं, हे मला पटत नाही.

सगळ्याच औषधांना हे लागू नाही. झोपेच्या गोळ्या, तोंडाने घ्यायची स्टिरॉइड्स आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन यांचं रिपीट मी लिहीत नाही. वॉरफरिनचा डोस रक्ताच्या तपासणीवर ठरतो, तो जुन्या चिठ्ठीवरून कसा ठरवणार? मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचं लिहिते, पण मूत्रपिंडाची तपासणी कधी करायची ती तारीख घालूनच.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांकडून दोन गोष्टी लिहून घ्या: किती वेळा, आणि कधीपर्यंत. आणि दुखण्याची साधी गोळी मागतानाही बीपीची चिठ्ठी फार्मासिस्टला दाखवा.