गार

मंगळवार, रात्री साडेअकरा

गॅरेजवाल्या मामूंनी नुसता हात लावून पाहिला. झालं एवढंच. त्याला तीन दिवस होत आले आणि माझं डोकं अजून तिथेच आहे.

जिप्सीच्या मागून टक-टक येत होती, ती कुठली ते कळावं म्हणून रविवारी त्यांना मुद्दाम सोबत घेतलं. पाल गावाच्या अलीकडचा तो कच्चा तुकडा दोनदा वर-खाली केला, सगळी हाडं खिळखिळी करून टपरीपाशी थांबलो. मी चहा सांगायला वळलो तर मामू चाकाशी उकिडवे. आत हात घालून शॉकअपच्या नळीवर पंजा ठेवला, पोराचा ताप बघतात तसा. मग उठून पलीकडच्या बाजूला गेले, तिथेही तेच. म्हणाले, "हात लाव."

लावला. गार. म्हणजे अगदी गार नाही, उन्हात उभ्या गाडीचं लोखंड असतं तितपत. पुढच्या शॉकअपला लावला तर बोटं झटकन मागे आली.

"मागचे निजलेत तुझे," म्हणाले, आणि चहा प्यायला गेले. बास. त्यावर एक शब्द नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शॉकअपचं काम काय, तर पाट्यांची, म्हणजे चाकांवरच्या पट्टी-स्प्रिंगांची, उसळी तेलात जिरवायची. जिरलेली उसळी उष्णता होऊन नळीतून बाहेर पडते. दगडाधोंड्यांवरून आल्यावर नळी गार, म्हणजे उसळी जिरलीच नाही, ती मणक्यात गेली. माझ्या, मामूंच्या, आणि दीड वर्षापूर्वी गाडी उंच केल्यापासून जे जे मागे बसले त्यांच्या. दिवाळीत आत्या बसली होती. "मस्त उंच झाली रे," म्हणाली आणि घरी जाऊन दोन दिवस झोपून राहिली. तेव्हा सगळ्यांनी तिच्या वयावर ढकललं. मीही.

मला कळलं कसं नाही?

गाडी उचलताना अवघड ते सगळं मी नीट केलं होतं, हे तर जास्त लागतंय. जिप्सीचे पाटे मूळचे हाउसिंगच्या, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या नळीच्या, खाली असतात, ते वर घेतले की गाडी सुमारे पाच इंच उचलते. पण नुसती उचलून भागत नाही. पाट्यांच्या बैठका हाउसिंगवर नव्यानं वेल्ड करायच्या, त्याही अशा कोनात की चाकांकडे जोर नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही क्रॉसचे (सांध्यांचे) कोन जुळले पाहिजेत, नाहीतर साठच्या वेगाला गाडी रडायला लागते. पुढे स्टिअरिंगचा रॉड पाट्याला घासतो, तो वर घ्यायचा, नाहीतर चाक खड्ड्यात उतरलं की स्टिअरिंग आपलं आपण वळतं. हे सगळं मोजून केलं, आधी टाके मारून, पुन्हा मोजून. मामू तेव्हा म्हणाले होते, "इंजिनिअर लोकांचं वेल्डिंग पहिल्यांदा सरळ बघितलं."

आणि घोडं अडलं शॉकअपवर.

उचलल्यावर जुने शॉकअप आखूड पडले. चाक खाली लोंबलं की सगळा भार त्यांच्यावर टांगायचा, दोन महिन्यांत एकाची कडी उपटली. लांब घेतले. पण लांब शॉकअप मिटला तरी लांबच असतो, चासीखालच्या धक्का-रबराला हाउसिंग टेकायच्या आधी तोच तळाला आपटणार. त्याला वर जागा हवी. म्हणजे वरचा माउंट उंच न्यायचा, म्हणजे मागच्या सीटखालचा पत्रा कापायचा.

तो मला कापायचा नव्हता. का, ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

मग मी तोडगा काढला. चासीच्या दोन बाजूंमध्ये एक आडवा पाइप टाकला, वरची टोकं आत घेतली आणि शॉकअप तिरके निजवले. पत्र्याला ओरखडासुद्धा नाही. काय खूष होतो मी! ग्रुपवर फोटो टाकले, दोघातिघांनी तसेच करून घेतले. त्यांना आता कुठल्या तोंडानं सांगायचं? तो विषय आज नको.

आज ऑफिसातून आल्यावर मोबाईलचं लेव्हल लावून कोन मोजला. कागदावर मी उभ्यापासून 40 अंश धरला होता. दीड वर्षात पाटे बसले, गाडी थोडी उतरली, आता 52 निघाला. तिरक्या शॉकअपचा जोर चाकाशी येईपर्यंत कोसाइनच्या वर्गानं घटतो. 40 ला 59 टक्के उरतो, 45 ला बरोबर निम्मा, 52 ला जेमतेम 38. आणि चाक वर उचललं की शॉकअप आणखी निजतो. म्हणजे जिथे त्याची खरी गरज, तिथेच तो अंग चोरणार. फेब्रुवारीत भाचीच्या दहावीसाठी हेच कोसाइन मी टेबलावर हात आपटून शिकवत होतो. "समजून घे, पाठ करू नकोस!" शाबास.

मला खरंच कळलं नव्हतं का? की आखतानाच कळलं होतं आणि मी पेन्सिल जरा हलकी धरली? त्या कागदावर 40 च्या पुढे बारीकसं प्रश्नचिन्ह आहे. माझ्याच अक्षरात. तो कागद आज सापडला.

साडेआठला मनाचा हिय्या केला. म्हटलं कापायचाच आहे तर निदान आखून तरी घेऊ. धाकटीच्या पाटीवरचा खडू घेतला, मागची सीट काढली, रबरी मॅट उचलली. 1998 पासून ती मॅट तिथे आहे. दर पावसाळ्यात तिच्याखाली पाणी जातं, दर पावसाळ्यात आम्ही वरून पुसतो. पत्र्यावरचा रंग फुगला होता, जिथे चौकोन आखायचा नेमका तिथेच. खडू टेकवला तर पापुद्रा हलला. अंगठ्यानं जरा दाबलं, तर अंगठा आरपार. खालून वारा लागला, आणि त्या भोकातून मला माझाच आडवा पाइप दिसला.

दोन मिनिटं तसाच बसलो, अंगठा भोकात. मग जे हसू आलं ते आवरेना. ज्या पत्र्यासाठी दीड वर्ष लोकांचे मणके पणाला लावले, तो गंजून कधीच गेला होता! उरली होती ती मॅट.

मामूंना फोन केला. पलीकडून बराच वेळ काही नाही, मग म्हणाले, "मग कापायचं राहिलंय काय? गुरुवारी आण. आणि त्या पाइपाचे फोटो काढून ठेव, चांगला केला होतास." शेवटचं कौतुक होतं की टोमणा, ते त्यांच्याकडून कधीच कळत नाही.

ती टक-टक मात्र बुशची, सांध्यातल्या रबराचीच होती. तेवढं माझं बरोबर निघालं.

सीट बसवून वर आलो तर बाबा अजून गॅलरीतच. "सापडलं का काही?"

"बुश गेलाय," म्हटलं.

"आणि पत्रा?"

"पत्र्याला मी कुठे हात लावतोय," म्हणालो, आणि अंगठा धुवायला आत गेलो.