तासाला तीनशे

आज लातूरला मुलाखत होती. विनाअनुदानित कॉलेज, बी.एस्सी.ला रसायनशास्त्र, तासिका तत्त्वावर. अंबाजोगाईहून सकाळची एसटी धरली, रेणापूरपर्यंत उभ्यानंच. साडेदहाची वेळ दिली होती, आत बोलावलं दीडला.

विषयावर एकच प्रश्न आला, तोही बाहेरून आलेल्या तज्ज्ञांचा. उत्तर अर्ध्यावर असताना अध्यक्षांना आडतीवरून फोन. सोयाबीनचा भाव ठरेपर्यंत आम्ही सगळे गप्प. मग म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडून ॲडमिशन किती होतील?" सेटचं, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचं, प्रमाणपत्र फाईलमध्येच राहिलं.

गाडी अडली ती पगारावर. तासाला तीनशे, आणि प्रॅक्टिकलचे दोन तास मिळून एक तासिका. पेपर तपासायचे फुकट. म्हटलं, सर, प्रॅक्टिकलला तर उलट काम जास्त. परमँगनेटचं टायट्रेशन, म्हणजे द्रावण थेंबाथेंबानं सोडून मोजायचं, ते घ्यायचं तर द्रावणं आधी करून ठेवा, ब्युरेट धुऊन घ्या. ऑक्झॅलिक ॲसिड साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवलं नाही, तर गुलाबी रंग लवकर जात नाही आणि पोरं 'झालं' समजून तेच रीडिंग लिहून मोकळी होतात. प्रत्येक टेबलापाशी उभं राहावं लागतं. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१९ मध्येच अतिथी प्राध्यापकाला तासाला १५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असं कळवलंय, हेही मी बोलले.

"मग यूजीसीकडूनच घ्या की," अध्यक्ष हसले. "मिस्टर काय करतात?"

शेजारी बसलेल्या प्राचार्यांचा पगार त्यांच्या मिसेस काय करतात ते विचारून ठरला होता का, कोण जाणे. मी सांगितलं, प्रॅक्टिकलचे पूर्ण तास धरा, मग बोलू. "कळवतो," म्हणाले.

घरी अप्पांचं वेगळंच. "रिकामं बसण्यापरीस बरं की बाई. अनुभव तर लागंल." अप्पा जिल्हा परिषदेचे रिटायर्ड गुरुजी. ऑर्डर हातात पडली की पगार ठरलेला, घासाघीस कधी करावीच लागली नाही त्यांना. आठवड्याला नऊ तासिका धरल्या तरी २७०० होतात, तेही कॉलेज चालू असेल तेव्हाच. एसटीचं अर्धं तिकीट धरूनही हिशोब जुळेना. अप्पांनी कागद पाहिला, पण "नाही म्हणू नको" हेच धरून बसले.

रात्री मैत्रिणीचा फोन. तिलाही त्याच जागेसाठी उद्या बोलावलंय. तिला म्हटलं, जायचं तर जा, पण प्रॅक्टिकलचे तास कसे धरणार ते आधी लेखी माग. ती म्हणाली, "लेखी मागितलं तर आत तरी घेतील का गं?"