तुम्ही विचारलंत म्हणून: खडकावरच्या शेवाळाचं लोणचं

थंडीत ओहोटीला मुंबईत बँडस्टँडचे किंवा हाजीअलीचे खडक उघडे पडले की हा प्रश्न हमखास येतो: "ते हिरवंगार शेवाळ खायचं असतं ना? आणून लोणचं घातलं तर?"

शेवाळ खाण्याच्याच जातीचं आहे. पोपटी, पातळ, ओल्या कागदासारखं खडकाला चिकटलेलं दिसतं ते उल्वा. पण मुंबईतलं आणू नका. ते इतकं माजतं त्याचं एक मोठं कारण सांडपाण्यातला नायट्रोजन. समुद्रशेवाळाला मुळं नसतात, ते सगळ्या अंगानं पाणी शोषतं आणि पाण्यातलं शिसं, कॅडमियमही धरून ठेवतं. उकळल्यावर जंतू मरतील, धातू कुठे जाणार? मिठी नदीचं पाणी माहीमला कुठे मिळतं ते आठवा, म्हणजे मोह आवरेल.

कोकणात उतरणार असाल तर नाल्याच्या आणि बंदराच्या तोंडापासून लांबचे खडक बघा. मालवणला सागरी अभयारण्य आहे, 1987 पासूनचं, तिथे हात लावायचा नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची ओहोटी चांगली खाली जाते. पाणी पूर्ण ओसरायच्या तासभर आधी उतरा आणि भरती फिरली की निघा. कात्रीनं, बुडाशी दोन बोटं सोडून कापा. उपटलंत तर पुन्हा फुटणार नाही. वाळूवर वाहून आलेलं सडायला लागलेलं असतं, ते सोडून द्या.

तरीही उल्वाचं लोणचं मला पटत नाही. त्याचं पान जेमतेम दोन पेशींच्या जाडीचं, व्हिनेगरमध्ये आठवडाभरात लगदा होतो. रंगही लिंबू पिळलेल्या कोथिंबिरीसारखा मळकट पडतो, कारण तेच: आम्लात हरितद्रव्य टिकत नाही. उल्वा वाळवून, चुरून गरम भातावर घ्या.

लोणच्याला हवं ते ग्रासिलारिया, शेवयांसारख्या गोल, कुरकुरीत फांद्यांचं. वाळवलेलं विकत घ्या. तामिळनाडूत मंडपम-रामेश्वरमच्या बाजूला शेवाळाचा मोठा धंदा आहे. पाकिटावर जात, ठिकाण आणि खाद्यपदार्थाचा परवाना क्रमांक बघा. बरंच शेवाळ खत म्हणून विकलं जातं आणि दिसायला सारखंच असतं.

50 ग्रॅम घ्या. अर्धा तास पाण्यात ठेवा, पाणी तीनदा बदला, दर वेळी बोटांनी चोळा. भांड्याच्या तळाशी वाळू आणि शिंपल्यांचा चुरा बसणं थांबेपर्यंत धुवायचं, नाहीतर लोणचं दाताखाली कचकचेल. भिजून साधारण 250 ग्रॅम होतं.

आता सगळ्यात जास्त बिघडणारी पायरी. पाणी उकळा, गॅस बंद करा, शेवाळ 30 सेकंद बुडवून लगेच गार पाण्यात काढा. ग्रासिलारियातून अगर निघतो, म्हणजे फालुद्यात पडतं ते आपलं चायना ग्रास. दहा मिनिटं उकळलंत की तो सुटतो आणि गार झाल्यावर बरणीत जेली थरथरत बसते. चाळणीत निथळून, फडक्यावर तासभर पसरा.

250 मिली पांढरं व्हिनेगर घ्या, 4 ते 5 टक्के आम्लाचं, पाणी न घालता. त्यात 2 चमचे साखर, 1 चमचा मीठ, 6 मिरी, अर्धा चमचा मोहरी, आल्याच्या चार चकत्या घालून एक उकळी आणा. कोमट झाल्यावरच शेवाळावर ओता. कढत ओतलंत तर पुन्हा तेच, जेली. मीठ बेतानं, शेवाळाचं स्वतःचं असतंच. काचेची बरणी, प्लास्टिकचं झाकण (पत्र्याचं गंजतं), फांद्या रसात बुडालेल्या. फ्रिजमध्ये दोन दिवसांत मुरतं, तीन आठवड्यांत संपवा.

पुढचा प्रश्न ठरलेला: "तेलाचं, आपल्या कैरीसारखं नाही का होणार?" होतं, पण कैरीचा हिशेब इथे लावू नका. कैरी स्वतःच आंबट, म्हणून ती मीठ-तेलात वर्षभर टिकते. शेवाळात आंबटपणा नाही, पाणी मात्र भरपूर. थेट तेलात बुडवलं की हवा बंद आणि आम्ल नाही, म्हणजे बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूंना अगदी हवी तशी जागा. म्हणून आधी वरच्यासारखं दोन दिवस व्हिनेगरात मुरवा. मग निथळून 2 मोठे चमचे मोहरीची डाळ, 1 चमचा तिखट, पाव चमचा हळद आणि 4 मोठे चमचे तेलाची हिंग घातलेली, पूर्ण गार झालेली फोडणी कालवा. कच्चा लसूण घालू नका. हेही फ्रिजमध्येच, आठवड्याभरापुरतं.

पानात चमचाभर पुरे. शेवाळात आयोडीन असतं; थायरॉइडची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बरणी उघडल्यावर येणारा वास सुक्या मासळीच्या बाजूचा असतो, त्यानं दचकू नका. रस बुळबुळीत होऊन तार सुटली किंवा बुडबुडे आले, तर चव न घेता टाकून द्या.